येताना गार पडणारा हीटर

— नाही रे बाबली, पाणी कमी नाही. सकाळी कोरगावाहून निघतानाच रेडिएटर भरलाय मी, फडकं धरून झाकण हळू काढून बघ हवं तर — बघितलंस? काठोकाठ. लालसर दिसतं म्हणतोस? दिसणारच, आमच्या विहिरीचं पाणीच तसं, कपडेसुद्धा पांढरे राहत नाहीत. आणि त्याचा गाळ बसतो, होय ना? मला तर पहिल्यापासून वाटतंय, तो गाळच जाऊन हीटरच्या नळ्यांत बसला असणार. मग ते साफ करायचं तर पुढची सगळी फळी, तो डॅशबोर्ड, सोडवायला हवी, सोडवली की काहीतरी मोडणार, आणि मोडलं की या गाडीचं सामान आता मिळतंय कुठे? मिळत नाही. झालं तर मग. तू एवढंच कर — तिला हाक मार आणि सांग, काकी, हे होण्यातलं नाही. तू मेस्त, तुझं ती ऐकेल. माझंही ऐकते, नाही असं नाही. माझं तर सगळंच ऐकते, तोच तर घोळ आहे.

ती बघ, समोर सोड्याच्या दुकानापुढे कदेल घेऊन बसलीय. होय, उन्हातच. दुकानदाराने बिचाऱ्याने खुर्ची सावलीत ठेवली होती, तिने उचलून उन्हात नेली. मे महिन्यात अंगात स्वेटर, वर शाल — डिचोलीच्या बाजारातली माणसं वळून वळून बघतायत. सुमंगला. माझी बायको, तुमच्या इकडचीच, मयेच्या जयरामची मोठी बहीण. त्यानेच तुझं नाव सांगितलं मला, की खाणवाल्यांच्या जुन्या गाड्यांना हात लावलेला आता एक बाबलीच उरलाय. आज तिकडेच होतो आम्ही, मयेला, आत्ता जेवून निघालो. किडन्या गेल्या रे तिच्या. दोन्ही. दिवसाआड म्हापशाला नेतो, यंत्रावर घालतात, अंगातलं रक्त बाहेर काढून, धुऊन परत आत सोडतात. ते आत जाताना गार होऊन जातं की काय कोण जाणे, तिथून बाहेर आली की हिचे दात वाजत असतात. आमची विनोदिनी, मुलगी, पुण्याला असते, ती फोनवर ओरडते — बाबा, ते धूड विका आणि एसीवाली गाडी घ्या. आणि हिला हवा हीटर! गोव्यात हीटर! हस, हस. मीसुद्धा हसलो होतो.

पण या गाडीत तो आहे. पोर्तुगेज असताना आलेली जर्मन गाडी ही, तिकडच्या बर्फासाठी बनवलेली, इथे उतरवताना कोणी हीटर काढून ठेवला नाही एवढंच. मी हिच्यावर पेडणे-पणजी टॅक्सी चालवली, कोलवाळला पूल नव्हता तेव्हा फेरीबोटीवर चढवून नेली, आणि तेवढ्या सगळ्या वर्षांत हीटर म्हणजे पॅसेंजरांची एक गंमत. कोणाचा तरी हात लागायचा आणि सगळे विचारायचे, पात्रांव, हे काय आहे? मी सांगायचो, भजी तळायचं यंत्र. पण ही कुडकुडायला लागली तेव्हा आठवलं मला. म्हटलं, बघूया. बोनेट उघडलं, तोटी सोडली आणि — म्हणजे बोतांव दाबला, आतला, पंख्याचा. तोटी म्हणालो मी? बोतांव रे, बटण. आधी धूळ उडाली, मग एक मेलेली गांधीलमाशी बाहेर पडली, आणि मग आला गरम वारा. तिने दोन्ही हात पुढे धरले, चुलीपुढे धरतात तसे. म्हणाली, "इतक्या वर्सां खंय लपवन ठेवल्यात हो ह्यो?" लग्नात सोनं घातलं तेव्हा एवढी हरखली नव्हती. तो चेहरा आठवला की मला आता जेवण जात नाही, खरं सांगतो.

हां, इंजिन कर चालू. पंखा फिरतोय ना? फिरतो, पंख्याचं काही नाही. आता हात धर पुढे — गार. बघ, हेच दुखणं. इंजिन चांगलं तापलंय, काटा बघ, मयेहून इथपर्यंत आलोय, आणि आत वारा मात्र गार. थर्मोस्टॅट म्हणतोस? तो ठीक असेल तर मग हवा अडकली असेल नळीत. अडकते मरे, हवेचा काय भरवसा! कधी चालतो, कधी नाही ते नीट सांगू? सांगतो की. जाताना चालतो. येताना नाही. आता असा काय बघतोस? खरंच सांगतोय. कोरगावाहून म्हापशाला जाताना झकास, आणि म्हापशाहून परत फिरलो की गार. आज सकाळी मयेला येताना चालला, आता परतायला निघालो आणि पडला गार. नेहमी असंच? — होय, नेहमी असंच. माणसांना खोड्या असतात, मग गाडीला का नसाव्यात?

तिचं म्हणणं वेगळंच. ती म्हणते, गाडी पण म्हातारी झाली, जाताना कशीबशी नेते, येताना तिच्यातलाही जीव जातो. आणि रागवत नाही रे बाबा! रागावली असती तर बरं झालं असतं. मी तिच्यादेखत बोतांव दाबतो, पंखा गार वारा सोडतो, मी फळीवर दोन थापा मारतो — बंद पडला गो आजपण — आणि ती काय करते? माझा हात धरते. म्हणते, "मारू नका हो तिका, ती दमली." आणि शालीच्या टोकाने ती फळी पुसते. मग पाय वर घेऊन अंगाची जुडी करून बसते, कोरगाव येईपर्यंत. रबराची गरम पाण्याची पिशवी बरोबर घेतो आम्ही, पण ही तिथे यंत्रावर पडलेली असतानाच ती निवते. मी नर्सबाईंकडे परत भरून मागू शकलो असतो. नाही मागितली कधी. का नाही मागितली? ते सोड, तू तुझं बघ. ती जाड नळी बघ, तिच्यातच असेल काहीतरी.

आणि परवा तर तिने कहर केला. देवळात गेली आणि गाऱ्हाणं घालायला लावलं. हीटरसाठी! लोक मुलांच्या लग्नासाठी घालतात, कोर्टाच्या निकालासाठी घालतात, हिने नारळ ठेवला आणि गुरवाला सांगितलं, आमच्या गाडीचा गरम वारा येताना बंद पडतो तेवढं सांग देवाला. म्हटलं, स्वतःच्या तब्येतीचं घाल गो. तर म्हणते, तब्येतीचं देवाला ठाऊक आहे, हे बारीक काम त्याच्या ध्यानात राहायचं नाही. आणि गुरव आमचा, तुला सांगतो, घसा साफ करून अगदी मन लावून उभा राहिला. "बा देवा म्हाराजा, ही तुझी लेक तुझ्या पायाकडे इली हा. हिच्या गाडयेचो जो काय गरम वारो आसा, तो जाताना चलता तसो येताना चलांदे रे म्हाराजा!" देवळात होती नव्हती ती माणसं म्हणाली, होय म्हाराजा. मी पण म्हणालो. मग त्याने आवाज चढवला — "आणि जो कोण हेच्या आड येता आसात, घरचो असो, भायलो असो, तेका वाटेर हाड रे म्हाराजा!" वाटेवर आण म्हणे त्याला! आता सगळे परत म्हणाले, होय म्हाराजा. मी तेवढा नारळाकडे बघत राहिलो. तिने कोपर मारलं मला. म्हणाली, "म्हणा मगो, तुमच्याच गाडयेचा गाऱ्हाणा." तेव्हा म्हणालो. होय म्हाराजा.

अरे, तिथे काही नाही. तिथे कशाला हात घालतोस, तापलेलं आहे, भाजशील. ती काय ती, हीटरची तोटी. इंजिनातून गरम पाणी हीटरकडे जातं ना, ते तिथून. बंद आहे? असेल. हादऱ्याने फिरली असेल, आमच्या रस्त्याला काय खड्डे थोडे आहेत? — चकचकीत दिसते म्हणतोस. आजूबाजूला सगळी माती नि ग्रीस, आणि तोटीचं टोक तेवढं चकचकीत. हं. आणि तेल घातलेलं. — असं बघू नकोस रे माझ्याकडे. टॅक्सीवाला आहे मी, जन्म गेला बोनेटखाली, मला ती तोटी कुठे आहे ते ठाऊक नसेल असं तुलाही वाटत नव्हतं. मग विचारत काय होतास मघापासून, थर्मोस्टॅट नि हवा नि काय नि काय?

होय. मीच बंद करतो. तिला आत यंत्रावर घातलं की मी बाहेर येतो, बोनेट उघडतो, बघणाऱ्याला वाटतं म्हातारा पाणी बघतोय, आणि दोन बोटांनी फिरवतो. पुढच्या खेपेला घरून निघताना परत उघडतो. आज जयरामच्या अंगणात केली बंद, तो मला वाटेत खायला फणसाचे गरे बांधून देत होता तेवढ्यात. — उकाडा सोसत नाही ना पात्रांव, म्हणतोस? बरोबर. बरोबर बोललास. बाहेर ही अशी आग, वर हीटर, काचा बंद, चष्म्यावर वाफ, मांड्या सीटला चिकटतात, कोलवाळपर्यंत माझं भरीत होतं. गोव्यात कुठला डायवर ती तोटी उघडी ठेवायचा? सगळेच बंद करायचे, तुझ्या त्या खाणवाल्यांचे डायवरही करायचे. तू हसतोयस, तुला पटलं. सोपं आहे रे हे पटायला. तिलाही पटलं असतं, ती म्हणाली असती, मग आधी सांगायचं नाही का, आणि स्वतःच बंद कर म्हणाली असती.

पण उकाड्याचं नाही रे ते, बाबली. उकाड्याचं असतं तर जातानाही बंद केली नसती का मी? उकाडा जाताना नसतो?

ऐक आता. हसू नकोस आणि कोणाला सांगू नकोस, जयरामला तर मुळीच नाही. हीटर चालू झाला त्याच आठवड्यातली गोष्ट. म्हापशाहून परत येत होतो, आत मस्त गरम झालेलं, ही बडबडत होती — विनोदिनीला काजूगर पाठवायचे, परसातल्या केळीला घड आलाय — आणि बोलता बोलता गप्प झाली. जाताना ती झोपत नाही कधी, सुई टोचणार म्हणून धास्तीत असते. येताना अंगात काही उरलेलं नसतं, त्यात ती ऊब. मला वाटलं, बाहेर बघतेय. कोलवाळच्या पुलावर चढलो आणि सहज बघितलं, तर मान जनेलाच्या काचेवर कलंडलेली. तोंड उघडं. हात मांडीवरून खाली घसरलेला, लोंबकळतोय. हाक मारली, गो म्हणून. नाही उठली. परत मारली. नाही. गाडी थांबवली मी, पुलाच्या मधोमध, मागे खनिजाचे ट्रक, नुसता हॉर्नचा गोंधळ, आणि मी तिला धरून हलवतोय आणि ओरडतोय — सुमंगला! सुमंगला! लग्न झाल्यापासून तिला नावाने हाक मारली नव्हती रे मी कधी. ती दचकून उठली. इकडेतिकडे बघायला लागली आणि म्हणाली, "मयेसून कोण इलो?" तिला वाटलं माहेरचं कोणी आलंय, कारण नावाने हाक मारणारे तेच. मी म्हटलं, कोणी नाही, झोप तू. आणि पुढे कोरगावपर्यंत मी रस्ता कमी आणि तिलाच जास्त बघत होतो.

दुसऱ्या खेपेला बंद केली तोटी. थंडी वाजत असली की झोप लागत नाही माणसाला. कुडकुडते, कण्हते, मध्येच म्हणते "माका शीं लागता हो", आणि मला कळतं की आहे. बाजूला आहे. मी समोर रस्ता बघू शकतो. तिने शीं लागता म्हटलं की मला बरं वाटतं, बाबली — कळतंय तुला मी काय सांगतोय? माझ्या बायकोचे दात वाजतात आणि ते वाजतायत म्हणून मला बरं वाटतं. एखाद्या वळणावर ती बराच वेळ गप्प राहिली तर मी मुद्दाम पंखा वाढवतो. केलंय मी ते. आपल्या हाताने केलंय. आणि ती माझ्या गाडीसाठी तिथे देवळात उभी राहून — नको. मला लाज वाटते रे. देवापुढे पण खोटं बोललो, आणि तिच्यापुढे दिवसाआड बोलतो. डॉक्टरांना विचारलं होतं एकदा, झोपली तर चालेल का? ते म्हणाले, झोपू द्या, झोप चांगलीच. त्यांना काय, त्यांनी तिला पुलावर बघितलेली नाही.

तर तू सांग तिला, हे होण्यातलं नाही. एवढंच सांग. मी मग जाड रजई घेईन तिला, गरम पाण्याच्या दोन पिशव्या — नाही घेणार. रजईतही झोपेलच ती. मग मी रजईचंही काहीतरी करीन. मला माहीत आहे मी.

गप, आली ती. उठली कदेलावरून. हळू गो, सायकली येतायत! — काही नाही गो, बघतोय तो, तू आत बस, पुढे, हां. दार ओढून घे. काच बंद आहे ना? बोनेट वर आहे, तिला दिसायचो नाही आपण. आता तू तोंड असं करून उभा राहू नकोस, काहीतरी हलव तिथे. सांग मला — अरे, हे काय? सोडलीस तू तोटी? कधी सोडलीस? मी बोलत होतो तेव्हाच? मी तुला सांगत काय होतो मघापासून!

ऐक. ऐकलंस? आतून ओरडतेय. "आयलो! गरम वारो आयलो!" काचा बंद असून ऐकू येतंय, एवढा आवाज तिच्यात उरलाय हेच मला माहीत नव्हतं. काय म्हणतेय? देव तुजें बरें करूं म्हणते, तुला. आणि — नको रे, मला पण म्हणते. ह्यांनी हाडली म्हणान झाला, म्हणते. मी आणली म्हणून झालं. देवाने ऐकलं म्हणते, पहिल्याच गाऱ्हाण्याला. — होय गो! झालं! मेस्ताने केलं! — नळीत हवा होती गो, हवा! बघ, परत खोटं बोललो. किती सहज येतं ते.

तार आहे तुझ्याकडे? बारीक नको, ती जाडी, तिथे टांगलेली. घाल त्या तोटीला. उघडी ठेवून आवळ. अजून आवळ, पक्कडीने पीळ मार, माझ्या बोटांना सुटता कामा नये. माझी बोटं तू ओळखत नाहीस. हां. आता टोक वळव खाली. मी म्हापशाला पक्कड मागायला गेलो तर लोक विचारतील कशाला, तेवढी तरी लाज वाटेल मला. वाटेल असं धरून चाल.

घरी कसा जाणार मी? अस्नोडा, म्हापसा, मग तो पूल. रस्ता बघू की तिला बघू? दोन्ही होत नाही रे. थांबत थांबत जाईन. पुलाआधी थांबेन, बघेन, पुलानंतर परत. मागचे शिव्या घालतील, घालू देत.

बोलत नाही ती. मघाशी बोलत होती ना? — पंखा चालू आहे, तो ऐकू येतो. ती नाही. सुमंगला? — काच बंद, कुठून ऐकणार. बोनेट खाली घे. घे रे खाली, मला दिसत नाहीये काही! हळू, आपटू नकोस, हातावर घे, अलगद, तसंच दाबून लाव.

मान कलंडली. बघ, तशीच. अगदी तशीच. तोंड पण — नको, काच वाजवू नकोस! हात काढ. झोपू दे. हाक मारायची नाही. मी मारत नाही, तूही मारू नकोस. तू फक्त बघ, तुझी नजर चांगली आहे, माझ्या चष्म्यावर घाम आलाय. शाल बघ, छातीवरची. हलते ना? नीट बघून सांग, घाई करू नकोस. — हलते? तू बघितलंस? — सरक जरा, मला दिसू दे. हां. हलली. थांब… हां, परत हलली.

इंजिन बंद करू नकोस, चालू राहू दे. आणि तू जा आता गॅरेजात, तुझी दुसरी कामं असतील. जा. मी उभा आहे इथे.